स्थानक मोडण्याचा ठराव

वार्षिक सर्वसाधारण सभा हे शब्द ऐकताच ज्याच्या मुखावर आनंद पसरला, असा मनुष्य धर्मगुरुपदाच्या पंचवीस वर्षांत आमच्या पाहण्यात आलेला नाही. पतपेढी असो, मच्छीमारांची सोसायटी असो, शाळेची संस्था असो की पॅरिशमधील एखादे मंडळ असो, नोटीस फळ्यावर लागते आणि तिच्या तळाशी ते चिरंजीव वाक्य असते : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता असणार नाही. आमचे सभासद हे वाक्य सर्वप्रथम वाचतात आणि अर्ध्या तासाने येतात. मग अहवाल वाचला असे समजण्यात येते, हिशेब मंजूर असे समजण्यात येते, आणि बटाटेवड्यांचा वास दरवळू लागला की ऐनवेळचे विषयही आटोपले असे समजण्यात येते. ज्या वर्षी असे होत नाही, त्या वर्षी भांडण होते. या दोहोंहून निराळा प्रकार आम्हांस २०१८ साली पाहावयास मिळाला, तोही वसईपासून हजारो मैल दूर. ज्या संस्थेच्या सभेत तो पाहिला तिचे स्वरूप ऐकून वाचक हसतील. लहान आगगाड्यांचा छंद असलेल्या मोठ्या माणसांचा तो क्लब होता.

त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर असे तीन महिने आम्ही उत्तर इंग्लंडमधील एका गावी बदली धर्मगुरू म्हणून राहिलो होतो. तेथील फादरांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. चर्चच्या मागे विटांचे एक जुने सभागृह होते आणि त्याच्या तळमजल्यावरील मागची खोली १९७४ पासून या क्लबला नाममात्र भाड्याने दिलेली होती. प्रत्येक मंगळवारी सायंकाळी तेथे दिवे लागत आणि रात्री दहाच्या सुमारास काही वयस्क गृहस्थ हातात डबे घेऊन बाहेर पडत. आम्हांस प्रथम वाटले की ती भजनमंडळी असावी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्लबच्या वार्षिक सभेचे निमंत्रण आले. जागेचे मालक म्हणून फादरांना ते दरवर्षी येत असे. फादरांनी पलंगावरूनच ते आमच्या हाती दिले आणि म्हणाले, "जाऊन बसा, चहा घ्या, आणि काहीही कबूल करू नका."

त्या सूचनेत पुष्कळ अर्थ होता, तो पुढे येईल. प्रथम या छंदाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्याकडे तो जवळजवळ अपरिचित आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या खटपटीतून उभारलेले आणि १९९८ साली सर्वांसाठी खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना कल्पना येईल. इंग्लंडात मात्र असे क्लब गावोगावी असतात. लंडनचा सर्वांत जुना क्लब १९१० साली स्थापन झाला, त्याची स्वतःची इमारत किंग्ज क्रॉस स्थानकानजीक आहे, आणि तेथे सभासदांनी त्याच परिसराचा, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील देखावा इतका बारीक करून उभारला आहे की एक फूट अंतर तेथे दोन मिलिमीटरांत बसते. असा रुळांचा, स्थानकाचा, घरांचा आणि डोंगरांचा संपूर्ण देखावा म्हणजे लेआउट. क्लब त्याच्याभोवती जमतो, जसे गाव चर्चभोवती जमते.

आणि धर्मगुरूंचे म्हणाल, तर या छंदात त्यांची संख्या लक्षणीय आहे. थॉमस या निळ्या इंजिनाच्या गोष्टी आमची मुलेही टीव्हीवर पाहतात. त्या गोष्टी विल्बर्ट ऑड्री या अँग्लिकन धर्मगुरूंच्या. पहिले पुस्तक १९४५ साली निघाले, आणि पुढे गोष्टीतील स्थानकाचा लेआउट घेऊन ते स्वतः प्रदर्शनांना जात. पीटर डेनी या दुसऱ्या धर्मगुरूंनी बकिंगहॅम नावाच्या लेआउटवर अनेक दशके काम केले. शेजारचे स्थानक सांभाळणारा मुलगा क्रिस्पिन घरी नसे, म्हणून त्यांनी त्याच्या जागी काम करणारे एक यंत्र बनविले आणि त्याला 'स्वयंचलित क्रिस्पिन' असे नाव दिले. वेकफिल्डचे बिशप एरिक ट्रेसी हे तर आगगाड्यांचे नामांकित छायाचित्रकार. १९७८ साली ॲपलबी स्थानकावर, गाडीचे छायाचित्र घेण्यासाठी गेले असतानाच त्यांना मृत्यू आला. हे सर्व अँग्लिकन, प्रपंच असणारे. त्यांना एवढा वेळ कसा मिळत असे, हा प्रश्न आम्ही आमच्या ब्रह्मचारी बंधूंच्या विचारार्थ येथे नुसता ठेवून देतो.

सभा साडेसातला होती. आम्ही सव्वासातला गेलो, तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या. हा पहिला धक्का. खोलीच्या लांब भिंतीला लागून क्लबचा मोठा लेआउट होता, चार-चार फुटांच्या सात फळ्या एकमेकींना जोडून अठ्ठावीस फुटांचा. त्याच्यावर एक लहानसे स्थानक होते, दोन फलाट, मालधक्का, पाण्याची टाकी, सिग्नलची केबिन, आणि फलाटाच्या टोकाला एक पिवळा गुलाब फुललेले कुंपण. दोन्ही टोकांना रूळ बोगद्यात शिरत आणि पडद्यामागे जात. पडद्यामागे काय आहे ते पाहावयास आम्ही वाकलो. तेथे देखावा काही नव्हता, उघड्या फळीवर सात-आठ रूळ ओळीने होते आणि त्यांवर गाड्या आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या होत्या. याला ते फिडल यार्ड म्हणतात. प्रदर्शनात जो सभासद तेथे उभा राहतो तो प्रेक्षकांना दिसत नाही. त्याने फक्त पुढची गाडी तयार ठेवायची. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हळूच सांगितले की इंजिन चालवायला सगळे तयार असतात, यार्डात उभे राहायला कोणी मिळत नाही. फेस्ताच्या दिवशी मागील अंगणात भांडी घासणाऱ्यांची आम्हांस आठवण झाली.

याच गृहस्थांकडून आम्हांस या छंदातील पंथभेदही कळले. त्यांच्या देशात सर्वाधिक चालणारे प्रमाण म्हणजे फुटाला चार मिलिमीटर. खरे रूळ एकमेकांपासून चार फूट साडेआठ इंच अंतरावर असतात, तेव्हा हिशेबाने प्रतिकृतीत ते अंतर १८.८३ मिलिमीटर यावयास हवे. प्रत्यक्षात दुकानात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे. याचे कारण असे की ते रूळ मूळच्या फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणाचे. परंतु इंग्लंडातील पूल आणि बोगदे अरुंद, म्हणून इंजिनेही बेताची, आणि त्या काळच्या विजेच्या मोटारी तेवढ्या लहान इंजिनाच्या पोटात मावेनात. मग इंजिने थोडी मोठी केली आणि रूळ होते तेवढेच ठेवले. झाले. गेली कित्येक दशके काही लोक ही तडजोड स्वीकारून सुखाने राहतात, काही १८.२ मिलिमीटरांपर्यंत येऊन थांबतात, आणि कर्मठ मंडळी १८.८३ च्या खाली उतरत नाहीत व प्रत्येक चाक हाताने बसवितात. त्यांच्या संस्था वेगळ्या, नियतकालिके वेगळी. सव्वादोन मिलिमीटरांचे हे अंतर. चर्चचा इतिहास शिकलेल्या माणसाला यात हसण्यासारखे फार काही आढळत नाही.

ते स्थानक मात्र काल्पनिक नव्हते. ते त्याच गावाचे होते. १९६३ साली डॉ. बीचिंग यांचा ब्रिटिश रेल्वेच्या पुनर्रचनेचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस होती. बहुतेक फाटे तोट्यात होते, हे खरे. बंद करण्यापूर्वी गावागावांत रीतसर सुनावण्या झाल्या, हेही खरे. पण त्या समित्यांना प्रवाशांची गैरसोय एवढाच विषय ऐकून घेण्याची मुभा होती. रेल्वेचा हिशेब बरोबर आहे की चूक, किंवा गाडीवर काम करणाऱ्या माणसांचे पुढे काय, हे तेथे काढताच येत नसे. या गावाचा फाटा अशाच रीतीने गेला. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तर त्या देशातील राष्ट्रीय रेल्वेवरून वाफेच्या इंजिनांचा कारभारच आटोपला.

क्लबमध्ये एक सभासद होते, सत्तरी ओलांडलेले, उंच आणि किंचित वाकलेले. ते त्या फाट्यावर फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. फाटा बंद झाला तेव्हा ते विशीत होते. नंतर त्यांनी सारी हयात बिस्किटांच्या कारखान्यात काढली. स्थानक पाडण्यापूर्वी, सतत तीन रविवार, टेप आणि शाळकरी वही घेऊन त्यांनी फलाट, खिडक्या, विटांचे थर, कुंपणाचे खांब, सर्व काही मोजून ठेवले होते. कशासाठी, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते म्हणे. दहा वर्षांनी ती वही उपयोगी पडली. गुलाबही त्या वहीत होता. आमच्या वाचकांना नायगाव आणि भाईंदर यांच्यामधील खाडीवरचा जुना रेल्वेपूल आठवत असेल, तोही असाच वापरातून गेला. विरारहून मुंबईस लोकल सुरू झाली १८६७ साली. तेव्हापासून आमच्या गावांचे दूध, भाजी, फुले, पाने आणि चाकरमानी त्या खाडीवरूनच गेले. पूल निवृत्त झाला त्या दिवशी कोणी वही घेऊन त्याचे खांब मोजावयास गेला असता, तर गावाने त्याला वेड्यात काढले असते.

सभेस प्रारंभ झाला. अध्यक्षांनी प्रथम हजर राहू न शकलेल्यांची नावे व निरोप वाचले. नंतर वर्षभरात वारलेल्या दोघा सभासदांसाठी सर्वजण उभे राहिले. मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजण्यात आले नाही, ते खरोखरच वाचण्यात आले आणि एका सभासदाने उठून सांगितले की गेल्या वर्षी केटलसाठी मंजूर झालेली रक्कम इतिवृत्तात चुकीची पडली आहे. दुरुस्ती झाली, सूचक आणि अनुमोदक मिळाले, सही झाली. खजिनदारांनी हिशेब वाचला. अशा क्लबचे खरे उत्पन्न वर्गणी नव्हे, वार्षिक प्रदर्शन. शाळेचे सभागृह शनिवार-रविवार भाड्याने घ्यायचे, बाहेरगावचे लेआउट बोलवायचे, त्यांच्या टेम्पोचे व रात्रीच्या मुक्कामाचे पैसे द्यायचे, विमा उतरवायचा, विजेचे प्रत्येक उपकरण तपासून घ्यायचे, आणि तिकिटे व चहा-केक यांतून जे उरेल त्यावर पुढचे वर्ष काढायचे. त्या वर्षी केकने रुळांपेक्षा अधिक मिळवून दिले, असे खजिनदार हसू न देता म्हणाले. चिटणीसांनी अल्पवयीन सभासदांच्या सुरक्षिततेचा अहवाल वाचला : कोणाचे प्रशिक्षण झाले, मुले असताना खोलीत किती प्रौढ असलेच पाहिजेत, तक्रार कोणाकडे करायची. हा भाग आम्ही मान खाली घालून ऐकला. आमच्या झग्याच्या माणसांमुळे जगाला हे नियम अधिक कडक करावे लागले आहेत, आणि खोलीत ते कोणी बोलून दाखवले नाही.

आता ठराव. ज्याच्यासाठी फादरांनी आम्हांस तोंड बंद ठेवण्यास सांगितले होते, तो हाच. काही वर्षांपूर्वी चर्चच्या पडवीत गरजूंना धान्य आणि डबाबंद अन्न वाटण्याचे काम दोन टेबलांवर सुरू झाले होते. आता शुक्रवारी रांग रस्त्यापर्यंत जाई. त्या श्रीमंत देशात मुलांच्या ढकलगाड्या घेऊन पावसात डब्यांसाठी उभ्या राहिलेल्या आया पाहणे, हा आमच्यासाठी एक अनपेक्षित अनुभव होता. ढकलगाडी आणि चाकाची खुर्ची जिना चढत नाही. तेव्हा तळमजल्याची ती मागची खोली अन्नवाटपासाठी हवी, आणि क्लबने वरची खोली घ्यावी, असे पॅरिशने लेखी कळविले होते. वरची खोली सोळा फुटांची. लेआउट अठ्ठावीस फुटांचा.

दोन मार्ग होते. एक, लेआउट मोडायचा आणि वर एक लहान, हलवता येण्याजोगा नवा बांधायचा. दुसरा, गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने घ्यायचा, म्हणजे वर्गणी दुपटीहून अधिक करायची. गाळ्याच्या बाजूने बोलणारे एक निवृत्त शिक्षक होते. ते चांगले बोलले. त्यांचे म्हणणे असे की गावात त्या स्थानकाची एक वीटही उरलेली नाही, तेथे आता सुपर मार्केटचे वाहनतळ आहे. हा लेआउट मोडला तर ते स्थानक दुसऱ्यांदा बंद होईल, आणि या वेळी बंद करणारे आपण असू. खोलीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. नंतर एक सभासद उठले आणि त्यांनी एवढेच सांगितले की आपण निवृत्तिवेतनावर राहतो, वर्गणी दुप्पट झाली तर आपण पुढच्या वर्षी या खोलीत नसू. हे रागाने बोलत नाही, केवळ नोंद व्हावी म्हणून बोलतो. चिटणीसांनी नोंद केली. तरुणांपैकी एकजण म्हणाला की जुन्या पद्धतीत रुळाच्या एका तुकड्यात वीज सोडली की त्यावर उभे असलेले प्रत्येक इंजिन चालू लागते, म्हणून ठायीठायी रूळ तोडून खटके बसवावे लागले आहेत. १९९० च्या दशकापासून आलेल्या नव्या पद्धतीत रुळांत वीज सतत असते, प्रत्येक इंजिनात एक चिप असते, आणि ज्याचा क्रमांक पुकारावा तेच इंजिन हलते. नवा लेआउट बांधायचाच तर असा बांधू. त्यावर जुन्या मंडळींत कुजबुज झाली, आणि अध्यक्षांनी हातोडीऐवजी चमच्याने कप वाजवला.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो आणि आमच्याकडे कोणी पाहत नव्हते. हे आम्हांस विशेष वाटले. मालकाचा मनुष्य समोर बसलेला आहे, त्याला चार शब्द सुनवावेत, असे आमच्याकडे एखाद्याला तरी सुचलेच असते. येथे प्रत्येक वक्ता अध्यक्षांना उद्देशून बोले, एकमेकांना नव्हे. एकाचे संपल्याशिवाय दुसरा उठत नसे. आणि मतभेद इतका तीव्र असूनही कोणी कोणाच्या हेतूबद्दल बोलले नाही. सभाशास्त्राचे हे कोरडे नियम सेमिनरीत आम्हांस कंटाळवाणे वाटत असत. त्या रात्री असे दिसले की अंतःकरणाला लागलेली गोष्ट मोठ्याने बोलता यावी यासाठी कोणीतरी विचारपूर्वक बांधलेले ते कठडे आहेत. कठड्याला हात लावून माणूस अवघड जिना उतरतो, तसे हे लोक बोलत होते.

फायरमन सर्वांत शेवटी उठले. सर्वांना वाटले ते गाळ्याच्या बाजूने बोलणार. त्यांचे भाषण आम्ही त्याच रात्री लिहून ठेवले होते, ते असे : "अध्यक्ष महोदय, हे स्थानक बंद होताना मी एकदा पाहिलं आहे. त्या वेळी नगरभवनात सुनावणी झाली, पण आम्हा गाडीवरच्या माणसांना कोणी विचारलं नाही. आज तुम्ही विचारलंत, त्याबद्दल आभारी आहे. ती मागची भिंत ओल धरते. खालचा चिपबोर्ड फुगला आहे, बोट लावलं की भुगा पडतो. तारा टेलिफोन खात्याच्या भंगारातल्या आहेत, चाळीस वर्षांच्या, वाकवल्या की तुटतात. हे मी तीन वर्षं बघतो आहे आणि बोललो नाही. दर शुक्रवारी मी इथं खोके उचलायला येतो, तेव्हा दाराशी कोण उभं असतं तेही बघतो. मी ठरावाच्या बाजूनं आहे." आणि ते बसले. निवृत्त शिक्षकांनी चष्मा काढून पुसला.

मतदान व्हायचे तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर आला. पंधरा वर्षांचा मुलगा होता, बाल सभासद, मताचा अधिकार नसलेला. अध्यक्षांनी त्याला प्रश्न विचारण्याची परवानगी दिली. त्याने विचारले, मोडण्याआधी कोणती तार कुठून कुठे जाते ते लिहून घेता येईल का. हसू फुटले, कारण त्या लेआउटचा तारांचा नकाशा कधी झालाच नव्हता, तो फायरमन आणि दुसरे एक, त्या वर्षी वारलेले, सभासद यांच्या डोक्यात होता. मग हसू आपोआप थांबले. ठरावात दुरुस्ती सुचविण्यात आली : लेआउट तीन आठवड्यांनी मोडावा आणि तोवर त्याची मापे, छायाचित्रे व तारांचा नकाशा करून घ्यावा. दुरुस्ती एकमताने मान्य झाली. मूळ ठराव पंधरा विरुद्ध आठ मतांनी संमत झाला, एक सभासद तटस्थ राहिले. शिक्षकांनी विरोधात मत दिले होते. नकाशाच्या कामाची जबाबदारी घेण्यास प्रथम उठले तेच.

पुढचे विषय लवकर झाले. अध्यक्ष तेच राहिले, कारण दुसरे कोणी उभे नव्हते. ही एक गोष्ट मात्र जगभर सारखी असावी. चिटणीसपद सोळा वर्षांनी मोकळे होत होते आणि बराच वेळ सर्वजण छताकडे पाहत होते. शेवटी त्या खोलीतील एकमेव स्त्री सभासद, जिने सबंध लेआउटवरील गवत, झाडे आणि तो गुलाब नव्याने केला होता, "बरं" असे म्हणाली. ऐनवेळच्या विषयांत पुढील मंगळवारी दूध कोणी आणायचे, यावर सर्वांत अधिक चर्चा झाली. आम्हांस दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. फादरांचा गुडघा सुधारत आहे, एवढे आम्ही सांगितले आणि चहा घेतला.

त्यानंतरचे तीन मंगळवार आम्ही संध्याकाळची मिस्सा आटोपून तेथे जात असू. मुलगा लेआउटखाली पाठीवर पडलेला असे, कपाळाला दिवा बांधून. फायरमन वर एकेक खटका दाबत आणि तो खालून ओरडून रंग व क्रमांक सांगे. शिक्षक ते कागदावर घेत. नकाशा अकरा कागदांचा झाला. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी वेळापत्रकाप्रमाणे एक पूर्ण दिवस गाड्या चालविल्या. दोन केबिनींमध्ये खऱ्या रेल्वेसारख्या घंटा होत्या. एक टोला म्हणजे लक्ष द्या. तीन, थोडे थांबून एक, म्हणजे साधी प्रवासी गाडी येऊ का. तोच ठोका परत वाजला की मार्ग मोकळा. दोन टोले, गाडी निघाली. दोन आणि एक, गाडी पोहोचली. यार्डात उभे राहण्याचे काम त्या रात्री शिक्षकांनी मागून घेतले. शेवटची गाडी पोहोचल्यावर फायरमननी केबिन बंद करण्याची घंटा दिली : सात, पाच, पाच. पलीकडून तीच परत आली.

मोडण्याचे काम शनिवारी सकाळी सुरू झाले. स्थानकाची इमारत आणि फलाटाची फळी गावच्या ग्रंथालयाने काचेच्या पेटीत ठेवण्याचे मान्य केले होते. चांगले रूळ नव्या लेआउटसाठी काढून घेतले. चिपबोर्ड खरोखरच हातात येत होता. फायरमन बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे घेऊन आले होते, त्यांच्याच कारखान्याचे. पितळी स्क्रू एका डब्यात, लोखंडी दुसऱ्यात, वाकलेले तिसऱ्यात, असे ते सांगत होते आणि आम्ही, बाह्या सारून, तसे टाकीत होतो. दुपारी एकच्या सुमारास अन्नवाटप करणाऱ्या बाया कपाटांची मापे घ्यावयास आल्या. त्यांच्याजवळ टेप नव्हता. फायरमननी आपला दिला.